लाभ, दोन, तीन

अँब्युलन्स चालवणाऱ्याला आपला पेशंट दिसत नाही. गाडीत ठेवताना एकदा दिसतो, उतरवताना एकदा दिसतो, आणि मधल्या वेळात, म्हणजे जे काही व्हायचं ते ज्या वेळात होतं तेव्हा, ड्रायव्हरसमोर फक्त रस्ता असतो. मागं वळून बघायचं नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम. आरशात सलाईनची बाटली हलताना दिसते, एखाद्या नातेवाइकाची पाठ दिसते, बस. बाकी सगळं कानानं कळतं. नांदेड आणि लातूर मिळून सतरा वर्षं मी एका खाजगी दवाखान्याची गाडी चालवली, आणि सतरा वर्षं मागं काय चाललंय ते ऐकत आलो.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. परब. इकडं सगळे मला कोकणीच म्हणतात, आणि आता मलाही तेच नाव वाटायला लागलंय. शिक्षण सातवीपर्यंत. पाढे येत नव्हते, मास्तर मारायचे, म्हणून शाळा सोडली. ट्रक शिकलो. केळी भरायला अर्धापूरला आलो तर ट्रकनं तिथंच मान टाकली आणि मालकानं फोन उचलणं बंद केलं. ज्या शेतकऱ्याची केळी भरायची होती, त्याच्या घरच्यांनी मला आठ दिवस जेवू घातलं. कोण कुठला, विचारलंही नाही. नवव्या दिवशी त्या घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनीच सांगितलं, नांदेडला एका दवाखान्याला ड्रायव्हर पाहिजे, जाऊन बघ. त्या घरचं ऋण फिटलेलं नाही. फेडायला जावं तर ते पुन्हा जेवायलाच वाढतात.

मी स्वभावानं घाबरट. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनं असं लिहू नये, पण खरं ते खरं. अपघाताचा कॉल आला की माझे हात गार पडायचे. फक्त एका कॉलला मी घाबरत नव्हतो, तो म्हणजे दारूचा. कुणीतरी जास्त प्यायलाय, शुद्ध नाही, घेऊन जा. असा कॉल आला की आम्ही ड्रायव्हर लोक वैतागायचो. गाडी धुवावी लागणार, नातेवाईक शिव्या देणार, आणि पेशंट दुसऱ्या दिवशी उठून चहा मागणार. या कॉलला घाबरायचं असतं हे मला उशिरा कळलं. त्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्यानं भरली.

पहिल्याच वर्षाची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडं कर असते. बैलांना आराम, माणसांना आराम. भर दुपारी मटण, पत्ते आणि बाटली. देगलूरच्या अलीकडच्या एका खेड्यातून गाडी मागवली होती. तेव्हा आमच्या गाडीत नर्स नसायची. मी, स्ट्रेचर आणि ऑक्सिजनची एक टाकी, जी उघडायची कशी हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ओसरीवर चाळिशीतला एक गडी पडलेला. पैलवानी अंग. त्याची बायको पायाशी बसलेली. गाडी तिनंच बोलावली होती, आणि धाकट्या दिराला ते मुळीच पटलेलं नव्हतं.

"उगं बलावलं तुम्हाला," दीर मला म्हणाला. "अण्णाला काय होतंय? एका बैठकीला बाटली पचवतो त्यो. झोपलाय. उतरंल."

बायको म्हणाली, "लई हाका मारल्या. हूं का चूं न्हाई. असं कधी होत न्हाई ह्यांचं."

"वहिनी, तुम्ही गप बसा हो."

मला दिराचंच खरं वाटलं. आमच्या गावातही हेच बोलतात, 'निजांदे, उतारतली.' दोन मुलुख, दोन बोली, शब्द तोच. मी अण्णाला स्ट्रेचरवर उताणा निजवला, डोक्याखाली घोंगडी घडी करून दिली. तो जोरात घोरत होता, जरा ओलसर आवाजात. मी गाडी सावकाश चालवली. खड्डे चुकवले. माणूस झोपलाय, त्याची झोप मोडू नये म्हणून.

वाटेतलं नरसी गाव ओलांडलं आणि मागून दीर म्हणाला, "बघा, घोरायचं थांबलं. आता कसा निवांत झोपलाय."

मी म्हणालो, "बरं झालं."

हे दोन शब्द मी म्हणालो, ते इथं लिहून ठेवतो.

नांदेडला कॅज्युअल्टीत त्या दिवशी रजिया सिस्टर होत्या. त्यांनी अण्णाच्या तोंडाकडं बघितलं, कुशीवर वळवला, आतला घास बाहेर काढला, डॉक्टर धावत आले, छाती दाबली. सगळं झालं आणि काहीच उपयोग झाला नाही. दीर भिंतीला टेकून खाली बसला. तो रडतही नव्हता. "झोपला होता हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी बाहेर नळावर गाडी धूत होतो. सिस्टर आल्या. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कसा निजवला होता? घोरणं कुठं थांबलं? आणि तिसरा, "गिन कौन रहा था?"

"काय गिन?"

"सांस. श्वास, भाऊ. मोजत कोण होतं?"

कुणीच मोजत नव्हतं.

रजिया सिस्टर नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या. आजोबांपासून शिवणकामाचं दुकान. घरी दखनी बोलायच्या, दवाखान्यात मराठी, आणि घाईत दोन्ही एकाच वाक्यात. त्या नळाजवळच्या कट्ट्यावर बसल्या आणि मला अगदी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ते घोरणं नव्हतं. जीभ मागं पडलेली, घशात उलटी आलेली, त्यातून हवा जाताना तसा आवाज येतो. शुद्धीतल्या माणसाला ठसका लागतो. दारू फार झाली की ठसकाच मरतो. मग माणूस उताणा असला तर स्वतःच्याच उलटीत गुदमरतो, तेही गुपचूप.

"आणि तुम्ही सगळे म्हणता उतरंल, उतरंल," त्या म्हणाल्या. "उतरनेवाली नै भाऊ. अभी तो चढ रही है. शेवटचा पेला पोटातच असतो ना? माणूस झोपला म्हणून पोट झोपत नाही. ते आपलं रक्तात सोडत राहतं. पडला तेव्हा जेवढी होती, तासाभरानं त्याहून जास्त असते. हळूहळू मेंदू झोपतो, मग श्वास घ्यायचं ध्यानातच राहत नाही."

श्वास घ्यायचं ध्यानात राहत नाही. घाबरट माणसाला सांगायची ही गोष्ट नव्हे. त्या दिवसापासून मी झोपलेला माणूस शांतपणे बघू शकलो नाही.

सिस्टरनी मोठ्या डॉक्टरांशी भांडून एक गोष्ट मंजूर करून घेतली. दारूच्या कॉलला त्या स्वतः गाडीत येणार. बाकीच्या नर्सेस हसायच्या, यांना बेवड्यांचा फार पुळका. सिस्टर म्हणायच्या, "हौ, है पुळका. बेवडा असला तरी कुणाच्या घरचा आहे ना."

आणि गाडीत बसल्यावर त्या मोठ्यानं मोजायच्या. पेशंट कुशीवर वळवलेला, वरचा गुडघा दुमडून पुढं, तोंड जरा खाली, म्हणजे आतलं आपोआप बाहेर येईल. एक हात त्याच्या बरगडीवर, नजर घड्याळाच्या काट्यावर. छाती वर आली की आकडा. "एक... दो... तीन..." मिनिट संपलं की पुन्हा एकपासून. मी पुढं बसून ऐकायचो. पाढे न येणाऱ्या माणसाची भाकरी शेवटी मोजण्यावरच होती. चौदा-पंधरापर्यंत आकडा गेला की माझा जीव भांड्यात पडायचा. आठच्या खाली गेला किंवा दोन आकड्यांमध्ये दहा सेकंदांची पोकळी पडली, की त्या एकच शब्द म्हणायच्या, "भाऊ." मग मी खड्डे चुकवत नसे.

मी एकदा विचारलं, मोठ्यानं का मोजता, मनात मोजलं तर चालत नाही का? म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही ना मागचं. म्हणून."

एवढा विचार आजवर माझा कुणी केला नव्हता.

रस्त्यात त्या मला शिकवायच्या. कुणाला धोका जास्त, हे एकेक बोट दुमडत सांगायच्या. पहिल्यांदाच पिणारा. पैज लावून घटाघट पिणारा. बारीक चणीचा. बाई, कारण तेवढीच दारू तिच्या अंगात लवकर चढते, आणि बाईनं घेतली तर घरचे दवाखान्यात आणतच नाहीत. उपाशीपोटी पिणारा. झोपेच्या, फिटच्या, अगदी सर्दीच्या गोळ्या घेऊन वर पिणारा. साखरेचा आजार असलेला. एखादं लहान पोर, पाहुण्यांच्या पेल्यातला राहिलेला घोट सरबत समजून पिणारं. त्याला तर घोटभरही पुरतो. आणि रोजचा पिणारा, ज्याला सगळे पचवणारा म्हणतात. त्याचे पाय लटपटत नाहीत म्हणून तो आणखी घेतो. आतलं काळीज काही पैलवान नसतं.

नऊ बोटं झाली की त्या दहावं सांगायच्या. "सबसे खतरा किसको मालूम? ज्याचं पिणं कुणालातरी लपवायचं असतं. त्याला खोलीत घालून दार लावतात."

अर्धापूरचे एक बँडमास्तर आमचे ठरलेले गिऱ्हाईक होते. सनई वाजवायचे. लग्नसराई संपली की महिन्यातून एकदा तरी मास्तर आमच्या गाडीत. सिस्टर शुद्ध तपासायला नाव विचारायच्या, तर मास्तर डोळे मिटूनच म्हणायचे, "माझं नाव विचारता? कुणाच्या वरातीत नाचलाच न्हाईत वाटतं आजवर." सिस्टर म्हणायच्या, "चला, जिवंत आहे. भाऊ, आरामात."

एकदा भर सकाळी मास्तरांचा कॉल आला. तोच वास, तेच झोकांड्या खाणं. मी म्हटलं, नेहमीचंच. सिस्टरनी नाव विचारलं. मास्तर म्हणाले, "गंगाधर." बस, एवढंच. सिस्टरचा चेहरा उतरला. "जोक नै मारला भाऊ," त्या म्हणाल्या आणि बोटाला सुई टोचून साखर बघितली. साखर पार तळाला. रात्री घेतलेली, वर काही खाल्लेलं नाही, आणि सकाळी साखरेच्या आजाराची गोळी मात्र नेमानं घेतलेली. तिथंच शिरेतून ग्लुकोज दिलं. अर्धापूर नाक्यापर्यंत येईतो मास्तर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या पोरीच्या लग्नाला फुकट वाजवीन." एका न मारलेल्या विनोदावरून आजार ओळखणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

पुढं आमच्या दवाखान्याची शाखा लातूरला निघाली. सिस्टर तिकडं गेल्या, आणि मी मागून अर्ज केला. बायको म्हणाली, वेंगुर्ल्याला परत जायचं सोडून तुम्ही आणखी आत कुठं चाललात? मी म्हटलं, गाडीत मोजणारं माणूस असल्याशिवाय मला चालवता येत नाही.

पण लातूरला वर्षभरात सिस्टरचे गुडघे गेले. गाडीत चढणं-उतरणं बंद झालं. त्या कॅज्युअल्टी सांभाळायच्या आणि गाडीत नवी मुलगी यायची. आणि ज्या दिवशी मला ते आकडे सगळ्यात जास्त हवे होते, त्या दिवशी ती मुलगी दुसऱ्या गाडीबरोबर औशाला गेली होती.

लातूर म्हणजे क्लासेस. गल्लोगल्ली होस्टेल, एकेका खोलीत तीन-तीन पोरं, भिंतीवर सूत्रं चिकटवलेली. परीक्षेचा निकाल लागला की दोन दिवस सगळ्या शहराचा श्वास वर-खाली होतो. अशाच निकालाच्या दिवशी दुपारी फोन आला. बाईचा आवाज. "मी मेसवाली सुमन बोलते. एक लेकरू उठंना झालंय. लौकर या."

सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही निघा. नर्ससाठी थांबू नका. मी फोनवर आहे."

मी गेलो. तीन मजली होस्टेल, जिन्यातच मालक आडवे उभे. सज्जन माणूस, घामानं भिजलेला. "ड्रायव्हरसाहेब, सायरन बंद करा आधी. काही नाही झालेलं. पोरांनी पार्टी केली थोडी. झोपलंय लेकरू. उतरंल."

तोच शब्द. नरसीच्या पुढचा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर आला.

खोलीत सुमनकाकू जमिनीवर बसल्या होत्या. पन्नाशीची बाई, हाताला पीठ. समोर भोकरकडचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगानं काडी. ओठ निळसर, कपाळ थंड आणि ओलं. बाजूला झाकलेलं ताट. काकूंनी सांगितलं, निकालासाठी आईनं याला शनिवारचा उपास धरायला लावला होता. उपासाची भगर घेऊन जा म्हणून सकाळी निरोप दिला, दुपार झाली तरी आला नाही, म्हणून त्या स्वतः ताट घेऊन तीन जिने चढून आल्या. दार लोटलेलं. मित्रांनी पांघरूण घालून, पंखा लावून, त्याला नीट झोपवलेलं.

म्हणजे उपाशी, पहिल्यांदाच, आणि काडी. सिस्टरची बोटं माझ्या डोळ्यांसमोर दुमडत होती.

मी काखेत हात घातला तशी मालकांनी माझा दंड धरला. "अहो, पोलीस केस होईल. पुढच्या वर्षी एक आईबाप पोरगं ठेवणार नाही माझ्याकडं. जरा तासभर बघू."

मी घाबरट. मी तिथंच थांबलो. काकू उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. "भाऊ, तुमचं होस्टेल बदनाम होतंय ना? मग माझ्या मेसचं नाव सांगा. म्हणा, सुमनच्या मेसात जेवलं अन् पडलं. मी नाही म्हणणार नाही. पण जिन्यातून बाजूला व्हा."

ज्या बाईचं सगळं पोट त्या मेसच्या नावावर, ती हे म्हणत होती. मालकांनी माझा दंड सोडला. खरं सांगायचं तर त्यांनीच मग पायाकडून उचललं.

मित्र होता एक, खोलीतलाच, देगलूरचा. पांढराफटक. फोनवरून सिस्टर विचारत होत्या, किती घेतली, किती वेळात, आणखी काय घेतलं? घरी कळलं तर काय, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. काकू त्याला म्हणाल्या, "खरं सांग. तुझ्या आईला मी फोन करणार न्हाई. करायचाच झाला तर ह्याच्या आईला करावा लागंल, अन् तो तू करशील."

तो बोलला. पैज होती. अर्धी बाटली, एका दमात, दोन तासांपूर्वी. आणि सकाळी सर्दीची गोळी. कडू कॉफी पाजायचा प्रयत्न केला, थंड पाणी ओतलं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणार होतो, पण तोंड उघडेना.

"नै उघडलं तेच बरं," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "शुद्ध नसताना पाजाल तर ते फुफ्फुसात जातं. आता त्याला कुशीवर ठेवा. आणि मोजा."

मला गाडी चालवायची होती. मी काकूंना मागं बसवलं, त्यांचा हात त्याच्या बरगडीवर ठेवला. "काकू, छाती वर आली की मोठ्यानं आकडा म्हणा. हा पोरगा मोबाईलमध्ये बघून मिनिट संपलं की सांगेल. थांबायचं नाही."

"मोजणं माझं रोजचंच आहे," काकू म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ आठशे चपात्या."

गाडी निघाली. आणि मागून आवाज आला, "लाभ."

मला कळेना. मग, "दोन." मग, "तीन."

इकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ऐकलं होतं. काकू चपात्याही तशाच मोजायच्या, आणि त्यांना दुसरं मोजणं येत नव्हतं.

"लाभ... दोन... तीन... चार..."

"मिनिट," पोरगा म्हणाला.

"सात झाले," काकू म्हणाल्या.

सात. फोनवरून सिस्टर म्हणाल्या, "भाऊ." मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला.

गंजगोलाईच्या बाजाराअलीकडं गर्दी. निकालाचा दिवस, पेढ्यांच्या दुकानांसमोर माणसं. सायरनला कुणी हटेना. मागून "लाभ" ऐकू आलं. मी दोनची वाट बघू लागलो. एक रिक्षा हटली. एक हातगाडी हटली. दोन येईना.

"काकू, मोजा," मी ओरडलो.

"काय मोजू? येऊ तर दे," काकू म्हणाल्या.

मागं वळून बघायचं नाही. सतरा वर्षांत तो नियम मोडायला मी तेवढा एकदाच निघालो होतो. तेवढ्यात फोनमधून सिस्टरचा आवाज आला, अगदी थंड, जसा मला नळाजवळ समजावताना होता तसा. "काकू, ऐका. त्याची हनुवटी वर उचला. डोकं मागं. जबडा पुढं ओढा. आणि कानाजवळ जोरात नाव घ्या त्याचं."

काकूंना नाव आठवेना. दोनशे पोरांची मेस. त्यांनी हाक मारली, "अरे भोकर. ए भोकर. ऊठ, भगर गार झाली."

मग एक लांब, खरखरीत ओढ ऐकू आली. आणि काकू म्हणाल्या, "दोन."

त्या दोनवर मी गोलाई पार केली.

दवाखान्याच्या दारात रजिया सिस्टर उभ्या होत्या, गेलेल्या गुडघ्यांवर, एका हातानं दाराची चौकट धरून. आत नळी घातली, श्वास यंत्रावर घेतला, साखर बघितली, सलाईन लावलं. दारू उतरवायचं औषध नसतं, सिस्टर म्हणायच्या. ती आपली आपण उतरते. आपलं काम एवढंच, तोवर माणसाला धरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निघाली.

त्याच्या मित्रानं स्वतः फोन केला होता. भोकरहून आई-वडील आले. वडील खांबाला धरून उभे राहिले. आई खाटेजवळ गेली, पोराच्या केसांवरून हात फिरवला आणि काकूंकडं वळून विचारलं, "बाई, त्याचा उपास सुटला का?"

काकूंनी पिशवीतून डबा काढला. भगर नव्यानं करून आणलेली होती. सिस्टर म्हणाल्या, अजून दोन तास तोंडानं काही नाही. तर आईनं तो डबा दोन तास मांडीवर धरून ठेवला.

त्या वर्षापासून काकूंनी एक पद्धत पाडली. मेसला नवी पोरं आली की पहिल्या जेवणानंतर त्या दोघांना उभं करतात. एकाला चटईवर निजवतात, दुसऱ्याला सांगतात, वळव कुशीवर, गुडघा पुढं घे, तोंड खाली. पोरं हसतात. काकू म्हणतात, "पिऊ नका हे मी सांगते, ते तुम्ही ऐकत न्हाई. मग हे तरी ऐका. दोस्त पडला तर दार लावायचं न्हाई. एकट्याला सोडायचं न्हाई. गाडी बोलवायची, अन् येईस्तोवर मोजायचं. लाजायचं उद्या." कधीकधी होस्टेलचे मालकही मागं उभे असतात. एकदा चटईवर तेच निजले होते.

सिस्टर मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. त्याआधी एक दिवस मी कॅज्युअल्टीत पेशंट सोडायला गेलो, तर त्या एका म्हातारबाबांच्या बरगडीवर हात ठेवून मोजत होत्या. "लाभ... दो... तीन..."

मी हसलो. म्हटलं, सिस्टर, तुम्हीही?

त्यांनी आधी मिनिट पुरं केलं, कागदावर आकडा लिहिला. मग म्हणाल्या, "एक बोल दिया ना भाऊ, तो लगता है दूसरा आएगाच. जणू आपला हक्कच आहे. लाभ म्हटलं, की जो आया, उसका शुक्र."

यंदा मीही गाडी सोडली. गावाकडं परत जायचं चाललंय, पण पाय निघत नाही. बायको माझ्या एका सवयीला कंटाळलीय. झोपलेल्या माणसाकडं असं टक लावून बघू नका म्हणते. आत्ता दुपार आहे, ती शेजारच्या खाटेवर लवंडलीय, पंखा फिरतोय. लिहिता लिहिता मी मान वर केली.

लाभ.